पहिलंच स्वतःचं नाटक बसवताना: सांगली-मिरजेच्या कॉलेज मंडळींसाठी

नाटक करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत विषय ठरतो, नाव ठरतं, पोस्टरचा रंगसुद्धा ठरतो. प्रयोग कधी, हे मात्र कुणी विचारत नाही. पहिल्यांदा नाटक बसवणाऱ्यांनी सुरुवात तारखेपासून करावी आणि तिथून मागे मागे यावं.

आपल्याकडे कॉलेजचं वर्ष कसं जातं ते बघा. जून-जुलै प्रवेशात जातात. मग पाऊस. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की नदीकाठच्या पोरांचं लक्ष तालमीत राहत नाही, घरचं सामान माळ्यावर चढवायचं असतं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर गणपती, युवा महोत्सव, सत्रपरीक्षा, दिवाळी. म्हणून माझं सांगणं असं की लेखन पावसाळ्यात करा, तालमी परीक्षा संपल्यावर डिसेंबरात लावा आणि प्रयोग जानेवारीत ठेवा. सलग सहा आठवडे तालमीला मिळाले तर पुष्कळ झाले.

प्रयोग स्नेहसंमेलनाच्या दिवशी मात्र नको. फिशपाँड आणि रेकॉर्ड डान्स यांच्या मधे तुमचं गंभीर दृश्य आलं, तर प्रेक्षकांचा दोष नसतानाही ते पडतं. आधीची किंवा नंतरची संध्याकाळ मागून घ्या.

शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवातून सुरुवात करायची असेल तर गणित वेगळं. तिथली नियमपत्रिका आधी हातात घ्या. अशा महोत्सवांत एकांकिकेला साधारण ३० मिनिटं, रंगमंचावर ९ जण आणि मागे ३ जण अशी मर्यादा असते. म्हणजे चौदा पात्रांचं नाटक लिहून झाल्यावर नियम वाचण्यात अर्थ नाही. स्वतःचा प्रयोग असेल तर लांबी तुमच्या हातात आहे. तरी पहिल्या खेपेला ३५-४० मिनिटांच्या पुढे जाऊ नका. दोन अंकी नाटक पुढच्या वर्षी.

शेवटचा शब्द कुणाचा

"आपण सगळे मिळून करू" हे वाक्य पहिल्या आठवड्यात फार गोड वाटतं. चौथ्या आठवड्यात पडदे कोण आणणार यावरून भांडण लागतं आणि तेव्हा कळतं, की सगळ्यांनी मिळून करायचं काम कुणाच्याच नावावर लागलेलं नाही. सगळ्यांनी सुचवायचं, पण प्रत्येक गोष्टीत शेवटचा शब्द एकाच माणसाचा. हे तोंडी राहू देऊ नका, एका पानावर लिहा आणि तालमीच्या खोलीत चिकटवा.

संहितेतल्या शब्दांवर शेवटचा शब्द लेखकाचा. रंगमंचावर काय दिसतं, कोण कुठून येतं, दृश्य किती चालतं यावर दिग्दर्शकाचा. वेळ, हजेरी आणि सामान यांवर रंगमंच व्यवस्थापकाचा. पैशावर खजिनदाराचा. नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा आणि रंगभूषेला एकेक प्रमुख, आणि हे प्रमुख पहिल्या वाचनापासून बसलेले हवेत. प्रयोगाच्या चार दिवस आधी ज्याला "जरा लाइट बघ की" म्हणून बोलावलं जातं, तो लाइट फक्त चालू-बंद करू शकतो.

लेखक आणि दिग्दर्शक पहिल्या नाटकात वेगवेगळे ठेवा. एकच असला तर स्वतःचं वाक्य कापायला त्याचा हात धजत नाही, आणि त्याला सांगणारंही कुणी उरत नाही.

आता रंगमंच व्यवस्थापक. या जागेसाठी कुणी हात वर करत नाही, आणि सगळं नाटक याच माणसावर उभं असतं. वर्गात ज्याच्या वहीची झेरॉक्स सगळे मागतात, तो किंवा ती शोधा. तिच्याकडे एक जाड वही द्या: रोजची हजेरी, कुणाचं काय ठरलं, कुठल्या वाक्यावर कोण आत येतं, कुठली वस्तू कुणाच्या घरून आली. तिला भूमिका देऊ नका. एखादं छोटं काम करेल की, असा मोह होतो, पण ती तुम्हाला विंगेतच, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, लागणार आहे.

प्राचार्यांना अर्ज लवकर द्या. त्यात खोली, वेळ, प्रयोगाची तारीख, जबाबदार प्राध्यापकांचं नाव आणि मुलामुलींची यादी एवढं हवं. संध्याकाळी किती वाजता सुटणार हे ठामपणे लिहा आणि पाळा. जत, कवठेमहांकाळ, पलूसकडून येणाऱ्या मुलींच्या घरच्यांचा प्रश्न नाटकाबद्दल नसतो, शेवटच्या एसटीबद्दल असतो. तालीम साडेसहाला संपते असं सांगून ती खरोखर साडेसहाला संपली, की दुसऱ्या आठवड्यापासून घरून फोन येणं थांबतं.

नाटक लिहायचं कसं

याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केलं. तेव्हा सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या प्रसंगाला धरून आपापली भाषणं जागच्या जागी जुळवून बोलायची. लिहिलेले संवाद नव्हतेच. तालमीत उभं राहून बोलता बोलता नाटक सापडतं, ही युक्ती आपल्या गावाला जुनीच ओळखीची आहे. फक्त तुम्ही ते नंतर कागदावर उतरवायचं आहे.

विषय जवळचा घ्या, आणि तो "विषय" म्हणून घेऊ नका. 'शेतकऱ्यांची व्यथा' या नावाखाली नाटक होत नाही, भाषण होतं. त्याऐवजी एक जागा, एक रात्र आणि एकच कमी पडणारी वस्तू घ्या. समजा बेदाण्याची शेड आहे, तासगाव बाजूची. मार्च महिना. द्राक्षं रॅकवरच्या जाळ्यांवर पसरून आठवडा झालेला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे समोर दिसतोय त्याच्या चौथाई मालावरच कर्ज फिटायचं आहे. ढग भरून येतात. शेड आजोबांच्या वेळची, दोन चुलतभावांत अर्धी-अर्धी. ताडपत्री मात्र एकच, आणि ती अर्ध्याच रॅकला पुरते. झालं, नाटक सुरू झालं. कोणी चांगला-वाईट ठरवायची गरजच पडली नाही.

हे तुम्ही वापरा किंवा आपलं शोधा. मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान घ्या, पुराच्या छावणीतला शाळेचा वर्ग घ्या, मिरजेच्या दवाखान्याबाहेर रात्र काढणारे नातेवाईक घ्या. अट एकच, तिथे जाऊन बसा. शेडवर चार तास घालवल्याशिवाय जाळीला हात कसा लावतात, पोटॅशच्या पाण्यात द्राक्षं बुडवताना कॅरेट कसं धरतात, कामाला आलेल्या बायका कुठल्या गोष्टीवर हसतात, हे कळणार नाही. नाटकातले सगळ्यात चांगले तपशील बहुधा अशाच वेळी मिळतात, आणि ते फोनवर शोधून सापडत नाहीत.

मग कार्यशाळा. आठ-दहा जण, दोन-दोन तासांच्या पाच-सहा बैठका. दिग्दर्शक प्रत्येकाला कानात फक्त एक गोष्ट सांगतो: तुला काय हवंय. थोरल्याला ताडपत्री हवी. धाकट्याला ताडपत्री नको आहे, त्याला थोरल्याने एकदा तरी मागितलेली बघायची आहे. मुकादम बाईला पाऊस यायच्या आत आजची मजुरी हवी. आता दहा मिनिटं बोला. कुणीतरी फोनवर रेकॉर्ड करा. दहातली आठ मिनिटं कचरा निघतो, त्याने खचू नका. उरलेल्या दोन मिनिटांत "ताडपत्री माझी हाय, पण शेड आज्ज्याची हाय" असं एखादं वाक्य कुणाच्या तरी तोंडून पडतं, आणि ते टेबलाशी बसून सुचलं नसतं.

रेकॉर्डिंग ऐकून लिहायचं काम मात्र एकट्या लेखकाचं. दहा जणांनी मिळून बोलता येतं, दहा जणांनी मिळून वाक्य लिहिता येत नाही. त्याने आधी प्रसंगांची यादी करावी. प्रत्येक प्रसंगापुढे एकच ओळ: हा प्रसंग संपताना काय बदललं? ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो प्रसंग, कितीही हशे घेत असला तरी, काढा.

बोलीबद्दल थोडं सविस्तर. तुमच्या टीममध्ये वाळव्याचा, आटपाडीचा आणि जतचा मुलगा एकाच घरातले भाऊ म्हणून उभे राहिले, तर तिघांची भाषा वेगळी ऐकू येते. जतकडच्या बोलण्यात कानडीचा हेल असतो, तो लपवता लपत नाही. एक गाव ठरवा आणि त्या गावच्या माणसाला सगळ्यांची वाक्यं वाचून दाखवायला सांगा. आणि ग्रामीण बोली हशा काढण्यासाठी वापरू नका. नोकर, गडी, गावाकडची आत्या असं बोलते आणि नायक मात्र पुस्तकी, हा प्रकार अजूनही दिसतो. सांगलीच्या प्रेक्षकांत निम्मे लोक घरी असंच बोलतात, ते हसतात पण त्यांना ते लागतं.

पहिला खर्डा झाला की जाहीर वाचन करा. कार्यशाळेत नसलेले दहा-बारा जण बोलवा: ग्रंथालयातले काका, दुसऱ्या विभागाच्या बाई, कुणाची तरी आई. एकाने प्रवेशसूचना वाचायच्या, बाकीच्यांनी संवाद, आणि लेखकाने संहितेकडे न बघता ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचं. हात खिशातल्या फोनकडे गेला की पानावर रेघ मारा. नंतर "कसं वाटलं?" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. "गोष्ट सांगा बरं," असं म्हणा. जिथे ते अडखळतील तिथे तुमचं नाटक अडखळलेलं आहे. या वाचनाला घड्याळ लावा आणि जो वेळ येईल तो कमीच आहे असं धरा. उभं राहिल्यावर हालचाली, शांतता आणि काळोख यांचाही वेळ लागतो.

आणि संहिता बंद करण्याची तारीख ठरवा. स्वतःच्या नाटकाचा मोठा फायदा हा की लेखक तालमीत बसलेला असतो आणि अडलेलं वाक्य तिथल्या तिथे बदलता येतं. मोठा तोटाही तोच. प्रयोगाच्या आदल्या दिवशी लेखकाला नवा शेवट सुचतो. तालमी सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांनी संहितेला कुलूप. त्यानंतर कापायची मुभा आहे, वाढवायची नाही. प्रत्येक प्रतीच्या पानावर तारीख आणि पान क्रमांक टाका, जुन्या प्रती गोळा करून घ्या. एकाकडे जुना मजकूर राहिला की तो नेमका जुनंच पाठ करून येतो.

कागदपत्रं

कंटाळवाणा भाग आहे, लवकर उरका. जाहीर प्रयोग करायचा तर संहिता महाराष्ट्र राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. स्पर्धांच्या अर्जातही ते विचारलं जातं. संहितेला कुलूप लागताच हे काम करा, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. संहितेचे हक्क लेखकाचे, पण कार्यशाळेत आठ जणांनी वाक्यं दिली असतील तर त्यांची नावं पहिल्या पानावर आणि पत्रिकेवर यायलाच हवीत. कुणाचं नाव कोणत्या शीर्षकाखाली, हे सुरुवातीलाच ठरवून सह्या घ्या. नाटक बक्षीस घेऊन आल्यावर ही चर्चा फार वाईट होते.

चित्रपटगीतं टाळलेली बरी. कॉलेजमधल्या कार्यक्रमाला प्रेक्षक विद्यार्थी, पालक आणि शिक्षक एवढेच असतील तर कायद्यात सवलत आहे, पण तिकीट लावून बाहेर प्रयोग केलात की ती राहत नाही. शिवाय मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. तुमच्या वर्गात कुणाच्या ना कुणाच्या घरात तंबोरा किंवा सतार असणार. तेच आणा आणि स्वतः वाजवा.

पात्रं निवडताना

दोन संध्याकाळी द्या. प्रत्येकाला दोन वेगळ्या भूमिका वाचायला लावा, आणि बोलणाऱ्याइतकंच समोर उभ्या असलेल्याकडे बघा. आपलं वाक्य नसताना जो ऐकतो, तो घ्या. आवाज पंधरा दिवसांत उघडतो, ऐकण्याची सवय इतक्यात लागत नाही. यादी लावताना ज्यांना भूमिका मिळाली नाही त्यांना त्याच दिवशी बॅकस्टेजची नेमकी जबाबदारी द्या, नाहीतर ते परत येत नाहीत.

तालमी

प्रयोगाच्या रंगमंचाचं माप पहिल्या आठवड्यातच टेपने घ्या: रुंदी, खोली, विंगा किती, प्रवेश कुठून. ते माप तालमीच्या खोलीत मास्किंग टेपने आखा. कॉलेजचा वर्ग बहुधा रंगमंचापेक्षा अरुंद असतो. मग तिथे बसवलेल्या हालचाली नाट्यगृहात गेल्यावर विरतात, आणि जी व्यक्ती दोन पावलांत दारापर्यंत पोचायची तिला सात पावलं लागतात.

पहिला आठवडा बसून वाचन. कंटाळा आला तरी उठू नका. प्रत्येक वाक्य का बोललं जातंय हे इथेच ठरतं. दुसऱ्या आठवड्यापासून उभे राहा, हातात संहिता घेऊन हालचाली बसवा. ताडपत्री, कॅरेट, मोबाइल, चहाचा कप अशी सगळी प्रॉपर्टी पहिल्या उभ्या तालमीपासून हातात द्या, खरी नसली तर तिच्या आकाराची दुसरी. ताडपत्रीची घडी उलगडायला किती वेळ लागतो आणि तिचा किती आवाज होतो, हे प्रयोगाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हातातली पुस्तकं बंद. त्या दोन-तीन तालमी भयानक होतात, सगळे अडखळतात, दिग्दर्शकाला वाटतं आता हे होत नाही. होऊ द्या. विंगेतून वाक्य सुचवणाऱ्याने पूर्ण वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन शब्द द्यायचे. चौथा आठवडा तुकड्यांचा: जो प्रसंग ढिला आहे तोच घासायचा. पाचव्यापासून रोज एकदा न थांबता पूर्ण रन. दिग्दर्शकाने मध्ये थांबवलं की नटांना पुढे जायची सवयच लागत नाही. टिपणं काढा आणि शेवटी सांगा, तीही नेमकी. "अजून फील हवा" याचा कुणालाच उपयोग होत नाही. "तो पाठ फिरवतो तेव्हा तू लगेच बोललीस, आधी त्याला दोन पावलं जाऊ दे," हे सांगितलं तर उद्या ते होतं.

आवाजाचं सांगायला हवं. माइकची सवय झालेली पिढी आहे. एका नटाला रंगमंचावर उभं करा, एकाला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, आणि पंखे चालू ठेवून संवाद बोलायला लावा. ओरडू नका, शब्दांची शेवटची अक्षरं पूर्ण करा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि आपण नेमकं तेच गिळतो. त्यामुळे "मी ती ताडपत्री..." एवढंच मागे पोचतं, दिली की नाही दिली ते कळत नाही.

तालमीच्या मधल्या सुट्टीत भडंग आणि चहा. हा खर्च हिशेबात धरा, चेष्टा नाही. रोज वीस माणसं, सहा आठवडे.

नेपथ्य, लाइट, आवाज

शेड दाखवायला शेड बांधायची नसते. चार बांबू, जुनी जाळी तीन थरांत ताणलेली आणि खाली पडलेली दोन कॅरेटं, एवढ्यावर सांगलीचा प्रेक्षक बेदाण्याची शेड ओळखतो. जाळ्यांमधून मागून लाइट सोडला तर सावल्यांचं काम फुकटात होतं. लेव्हल (लाकडी चौथरे) आणि फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या चौकटी) भाड्याने मिळतात, पण जिन्यावरून, दारातून जातात का ते मोजून घ्या. वर जे काही टांगाल ते दोन जागी बांधा, आणि खरी आग, कंदील, मेणबत्ती रंगमंचावर आणू नका.

लाइटवाल्याशी बोलायला जाण्याआधी संहितेच्या कडेला लिहून न्या: कुठे दिवस, कुठे रात्र, कुठे काळोख आणि तो किती वेळ. फक्त "मूड पाहिजे" असं म्हणून गेलात तर निळा आणि लाल मिळतो. विजेचा हिशेब स्वतः करा. १००० वॉटचा एक हॅलोजन साधारण साडेचार अँपिअर खातो. म्हणजे १५ अँपिअरच्या एका प्लगवर तीनच्या वर लावायचे नाहीत. कॉलेजच्या जुन्या हॉलमध्ये दहा हॅलोजन लावून ऐन प्रसंगात एमसीबी पडण्यापेक्षा निम्मे 'एलईडी पार' जातीचे दिवे घ्या, किंवा कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला आधी बोलावून वेगळी लाइन काढून घ्या. एलईडीचा पांढरा चेहऱ्यावर कोरडा पडतो, त्यात थोडा पिवळसर मिसळा. मेकअप पण त्याच उजेडात तपासा.

आवाजाच्या सगळ्या फाइल्स एकाच लॅपटॉपवर, क्रमांक देऊन. फोनवरून वाजवत असाल तर तो फ्लाइट मोडवर. पावसाच्या आवाजावर संवाद बुडतो, म्हणून पाऊस सुरू होताना मोठा आणि बोलणं सुरू झालं की खाली.

पैसे

कॉलेज काय देणार ते लेखी घ्या. बाकीचं वर्गणीतून, माजी विद्यार्थ्यांकडून, ओळखीच्या दुकानदारांकडून. वस्तूंच्या रूपाने मदत मागितली की लोक पैशापेक्षा लवकर देतात: कुणी बांबू देतो, कुणी टेम्पो. लाइटचं भाडं, टेम्पो, रंगभूषा, छपाई आणि चहा या पाच रकान्यांत बहुतेक खर्च बसतो. एकूण रकमेचा दहावा भाग बाजूला ठेवा, तो लागतोच. प्रत्येक पावती त्याच दिवशी वहीत चिकटवा.

रंगीत तालीम आणि प्रयोग

नाट्यगृह घ्यायचं असेल, मग ते विष्णुदास भावे नाट्यमंदिर असो वा मिरजेचं बालगंधर्व, सत्र किती तासांचं, नेपथ्य लावायला आत केव्हा सोडणार, लाइट त्यांचे की आपले, अनामत किती, हे लेखी विचारा. शक्य असेल तर आदला अर्धा दिवस घ्याच. पहिल्यांदा करणाऱ्यांना त्याच जागेत रंगीत तालीम मिळाली नाही, तर निम्मी मेहनत अंधारात चाचपडण्यात जाते.

रंगीत तालमीच्या आधी क्यू-टू-क्यू करा. संवाद पूर्ण म्हणायचे नाहीत, फक्त जिथे लाइट किंवा आवाज बदलतो तिथून तिथे उड्या मारायच्या. नट वैतागतात. रंगमंच व्यवस्थापकाच्या वहीतला प्रत्येक क्यू इथे पक्का होतो. मग पूर्ण वेशभूषा, पूर्ण रंगभूषा, आणि काहीही झालं तरी न थांबणं. त्यानंतर संहितेला आणि नटांना हात लावू नका. शेवटच्या रात्री दिलेली सूचना नट विसरतो, आणि ती आठवण्याच्या नादात पुढचं वाक्यही विसरतो.

प्रयोगाच्या दिवशी क्रम असा: नेपथ्य, मग लाइट फोकस, मग आवाज, मग जेवण, मग रंगभूषा. प्रॉपर्टीचं टेबल विंगेत लावा, त्यावर कागद पसरून प्रत्येक वस्तूची चौकट आखा आणि नाव लिहा. रिकामी चौकट दिसली की काय राहिलं ते लगेच कळतं. पहिल्या घंटेपूर्वी नारळ फोडायचा तर विंगेबाहेर फोडा, ओल्या रंगमंचावर पाय घसरतो. दुसऱ्या घंटेला सगळे आपापल्या जागी. तिसरी घंटा रंगमंच व्यवस्थापक देईल, तिच्याशिवाय कुणीही नाही, प्रमुख पाहुणे वाटेत असले तरी.

पडदा पडल्यावर फोटो काढून होईपर्यंत दहा मिनिटं द्या आणि मग सगळ्यांनी, नायकासकट, नेपथ्य उतरवायचं. उसनं आणलेलं सामान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहीत बघून परत. दोन-तीन दिवसांनी हिशेब सगळ्यांसमोर वाचा, उरलेले पैसे कुठे जाणार ते तिथेच ठरवा. संहितेची शेवटची, कापलेली प्रत, लाइटचा तक्ता आणि आवाजाच्या फाइल्स एका पेनड्राइव्हवर घालून सांस्कृतिक विभागात जमा करा. दुसरा प्रयोग करायचा असेल तर तो महिन्याच्या आत लावा, कारण मार्चमध्ये परीक्षा आहेत आणि पाठांतर तोवर राहत नाही.